उसना सोफा

“साहेब यायच्या आधी घर सजवायच्या भानगडीत पडू नकोस,” शेजारच्या नर्सबाईंनी मला बजावलं होतं. “ते काही पाहुणे नाहीत. तुमचं कसं चाललंय ते बघायला येतायत.”

मी हसून सोडून दिलं.

सासरे सैन्याच्या ट्रकखाली गेले त्याला वर्ष उलटून गेलं होतं. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान तेव्हापासून बंद. सरकारी भरपाई मिळाली तर दुकानाचं थकलेलं भाडं फिटणार होतं. नाहीतर मालक कुलूप बदलणार होता. आणि ते दुकान दुसऱ्याच्या हातात गेलेलं आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बघवलं नसतं. गेलेल्या माणसाच्या कमाईवर घरातलं कोण अवलंबून होतं, हे घरी येऊन पाहायचं आणि शेरा द्यायचा, हे सरकारी कचेरीतून येणाऱ्या या साहेबांचं काम. सगळी भिस्त त्या शेऱ्यावर.

माझा जीव मुळातच धास्तावलेला. लेक झोपली की श्वास चालू आहे ना ते बघते. जागी असली की झोपत का नाही म्हणून कपाळाला हात लावून बघते. साहेब येणार म्हटल्यावर मला राहवेना. नर्सबाईंचाच सोफा, त्यांचेच पडदे आणि सोनेरी काठाचे कप मी उसने आणले. “कर तुझ्या मनासारखं,” म्हणत त्यांनी दिलेही.

साहेब आले आणि सोफ्यात चांगले रुतले. पडद्यांकडे पाहिलं, कप फिरवून पाहिला.

“बरं चाललंय की तुमचं.”

“हो, अगदी छान!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“आजी, घर यजमानांच्याच कमाईवर चालायचं का?”

आईंची मान ताठ झाली. “माझं कधी कोणावाचून अडलं नाही.”

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

“अगं, माझ्या लेकीचे सासू-सासरे न कळवता टपकलेत!” नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. “आधी माझा सोफा दे. विहीणबाईंना काय उपड्या बादलीवर बसवू?”

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. साहेब मात्र उठले, फाइल काखेत मारली आणि सोफ्याचं एक टोक उचललं. “कुठे न्यायचाय?”

“इकडे, इकडे! जरा तिरका घ्या. भिंतीचा रंग खरवडाल हो, साहेब!”

सोफा दारात अडकला. साहेब आत, नर्सबाई बाहेर, मधे माझी लेक टाळ्या पिटत. आणि आई हसायला लागल्या. आधी पदर तोंडावर धरून, मग पदर सोडूनच. सासरे गेल्यापासून ते हसू मी ऐकलं नव्हतं.

सोफा गेला, मागोमाग पडदे गेले, कपही गेले. साहेब घाम पुसत चटईवर टेकले. आईंनी त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि समोर बसल्या.

“आता खरं सांगा, आजी.”

“सोफ्यावर बसलेल्या माणसाला काय सांगायचं होतं?” आई म्हणाल्या. “ते चाकं सरळ करायचे, मी ट्यूबला ठिगळं लावायची. त्या दुकानावरच आमची चूल पेटायची. आता मुलाच्या पगारात सगळे भागवतो. आणि मला रोज सकाळी उठून कुठे जावं, ते कळत नाही.”

साहेबांनी पेला खाली ठेवला आणि लिहायला घेतलं. मी वाकून वाचायचा प्रयत्न केला. “काळजी करू नका, सूनबाई,” ते न बघताच म्हणाले.

भरपाई मंजूर झाली. मालकाचं भाडं फिटलं, दुकानाचं शटर वर गेलं. आई आता हात काळे करून बसतात आणि गिऱ्हाइकांना दटावतात, “हवा भरत जा रे, ट्यूब काय लोखंडाची आहे?” दुपारी मी घरून फोन करून डब्याचं विचारलं की म्हणतात, “जेवले गं, ठेव आता.” माझा विश्वास बसत नाही. तुमचं कधी त्या दुकानावरून जाणं झालं, तर हवा भरायच्या निमित्ताने थांबा आणि डब्याचं झाकण उचलून बघा, आईंनी खरंच खाल्लंय का?