आत बसलेला

शिरूरच्या मंगल कार्यालयात मनाच्या शिबिरासाठी दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या सव्वीस भरल्या, आणि त्या सव्विसांत चौघं डॉक्टरांच्या घरचीच होती.

डॉ. मच्छिंद्रसरांना त्याचं काही वाटलं नाही. खोल मनाच्या अभ्यासकाकडे गर्दी होत नसते, असं त्यांनी स्वतःच तिसऱ्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं. दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढलेला हा माणूस आधी रांजणगावच्या एका कंपनीत कामगारांच्या रजा नामंजूर करायचा. प्रत्येक पोटदुखीच्या तळाशी बालपण असतं, हे त्यांना तिथंच कळलं. मग नोकरी सुटली, पदवी मिळाली, पुस्तकं सुरू झाली. सात झाली. आठव्यासाठी प्रकाशकाला खरीखुरी केस हवी होती.

शिबिर संपलं आणि केस समोर येऊन उभी राहिली. घोडनदीकाठच्या गिताबाई. बाहेरच्या फ्लेक्सवरची ओळ त्यांना नातीनं, पूनमनं, वाचून दाखवली होती: ‘आत दडलेल्याला बाहेर काढू या!’ गिताबाईंना वाटलं, सरकारनं शेवटी माणूस धाडला.

“सायेब, त्यो आत हाय. दिवाळीपास्नं आतच बसलाय.”

डॉक्टर खुर्चीतून पुढं सरकले. “कोण, मावशी?”

“वाघ.”

“वा! घरचे काय म्हणतात?”

“ल्योक म्हंतो, भास हाय. फारेस्टवाले म्हंत्यात, पुरावा आना. ही पोरगी रोज उसाच्या कडंनं साळंला जाती. तुमी काढता का न्हाई त्याला?”

“मी नाही, तुम्हीच काढायचा. तो वाघ तुमचाच आहे.”

“माजा?” गिताबाईंनी पूनमकडं बघितलं. “माज्या शेळ्या हायेत. म्हंजी, व्हत्या.”

शेळ्यांत डॉक्टरांना दडपलेला सोशिकपणा दिसला. अख्खं प्रकरण डोळ्यांपुढं उभं राहिलं.

“उद्या तुमच्या उसात जाऊ. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू. विरघळून जाईल.”

“पिंजरा कुठं ठिवायचा?”

“पिंजरा मनाला असतो, मावशी.”

“आन् तुमी बिनपिंजऱ्याचं जानार?” गिताबाईंचा आवाज आदरानं खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पांढराशुभ्र सदरा घालून उसात शिरले. मुखपृष्ठासाठी फोटो काढायला बायकोला बांधावर उभं केलं होतं. बांधावर ऐकू आलं ते एवढंच: “मी तुला ओळखतो!” मग पाचट वाजलं. मग डॉक्टर आले, एका बुटावर, ते थेट गाडीत. काच वर गेली.

गिताबाईंनी काचेवर टकटक केली. “भेटला का वो?”

“फॉरेस्टला फोन लावतोय!” आतून आवाज आला.

“भास आसंल, सायेब.”

गिताबाईंच्या इतक्या फोनांना न आलेला वनरक्षक डॉक्टरांच्या एका फोनवर हजर झाला. दुसऱ्या सरीतल्या ओल्या मातीत ठसा होता. त्यानं आधी पिंजरा मागवला, मग खाली बसून पट्टी टेकवली आणि आकडा मोठ्यानं वाचला.

बिबट्याच्या पंजाची रुंदी साडेआठ सेंटीमीटर.