चाळीस अंशांवरचं पीठ

लॅब अटेंडंट केसरीनाथ मामांनी भिवंडीच्या त्या कॉलेजात बावीस वर्षं काचेची भांडी निर्जंतुक केली आणि बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक नळी कच्ची राहिली नाही. हे मृणालीला चांगलं ठाऊक होतं. तरी पोरगी तीन महिने मूग गिळून बसली.

घडलं ते असं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिच्याकडे यीस्ट होतं आणि त्या यीस्टला प्रायॉनची बाधा होती. प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन. ते शेजारच्या धड प्रथिनालाही आपल्यासारखंच दुमडायला लावतं, मग त्यांच्या गुठळ्या होतात, आणि हा बिघाड आईपेशीकडून लेकीकडे जात राहतो. ओळखायला खूण सोपी होती. बाधा असलेल्या पेशींचे ठिपके प्लेटवर पांढरे दिसत, बाधेतून सुटलेल्यांचे लाल. यीस्ट ही बाधा कशी झटकून टाकतं, हाच मृणालीचा विषय.

डिसेंबरात तिच्या भावाची, प्रितमची हळद आली. आगऱ्यांच्या घरची हळद, म्हणजे वडे हवेतच. आणि थंडीमुळे पीठ काही फुगेना. आईचा जीव खालीवर व्हायला लागला. शनिवारची दुपार होती, लॅब रिकामी. मामांनी विश्वासानं किल्ली तिच्या हातात ठेवली आणि ते जेवायला गेले. मृणालीनं घरून पिठाचा एक डबा आणला होता. ते फुगलं की बाकीच्या पिठात कालवायचं, असा बेत. यीस्ट वाढवायचा उबदार इन्क्युबेटर तीस अंशांवर होता. तिनं तो चाळीसवर नेला आणि डबा आत सारला. त्याच फळीवर तिच्या यीस्टच्या नळ्या उभ्या होत्या. त्या तिला दिसल्या नाहीत असं नाही. तासाभरानं काय बिघडतंय, असं म्हणून तिनं दार लावलं.

नंतर बटण गुपचूप तीसवर आलं, नळ्यांतलं यीस्ट ठरल्याप्रमाणे प्लेटांवर पसरलं गेलं आणि बाईसाहेब डबा घेऊन घरी पळाल्या. संध्याकाळी हळदीला मामाही आले होते. तीन वडे खाऊन म्हणाले, "पीठ कसा हलका झालाय."

बुधवारी पांढऱ्या ठिपक्यांत लाल ठिपके उगवले. बाधा आपोआप इतकी सुटत नाही, म्हणून तिच्या मार्गदर्शक नेत्रा मॅडमना वाटलं, दुसऱ्या, लाल जातीचं यीस्ट यात मिसळलं. म्हणजे नळ्या नीट निर्जंतुक झाल्या नव्हत्या. त्यांनी मामांना बोलावलं. मृणाली शेजारीच उभी होती. मामा भांडतील, मग आपण डब्याचं सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. मामा भांडले नाहीत. आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "झाला असंल, बाई. कुकरचा टायम मीच चुकलो असंन. वय झालाय आता." वाफेवर भांडी निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला ते कुकरच म्हणत. जानेवारीत त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही.

पुढे झालं ते याहून वाईट. मृणालीच्या वाचनात आलं की थोडा वेळ उष्णता लागली, तर यीस्टची पेशी चुकलेल्या घड्या सोडवणारी मदतनीस प्रथिनं भराभर बनवते. मग पेशी पुन्हा वाढायला लागल्या की काही लेकी त्या गुठळ्यांशिवायच जन्माला येतात. लाल ठिपके मामांच्या नळीतून आले नव्हते, पिठाच्या डब्यापायी आले होते. तिनं मुद्दाम चाळीस अंशांवर प्रयोग करून पाहिला. लाल ठिपके पुन्हा आले. मॅडम खूश झाल्या. "तुला हे सुचलं कसं?" त्यांनी विचारलं.

"वाचनात आलं," मृणाली म्हणाली. खोटंही नव्हतं, म्हणूनच जास्त लाज वाटली. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. वर्गानं टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिला मान वर करवेना.

स्पर्धा आठ दिवसांवर आली आणि ती मामांच्या गावी, वडप्याला गेली.

मामांचं घर गोदामांच्या मागे होतं. मामा ओट्यावर रिकामे बसले होते. आत त्यांची सून एका हातानं गॅसवर पाणी ठेवत होती आणि कडेवर सहा महिन्यांची पोर रडत होती.

"बाबांना सांगते, निस्ती दुधाची बाटली उकळून द्या," सून कुरकुरली, "तं न्हाय म्हनतात. माझ्या हातनं कच्ची राहील न् पोरीच्या पोटात जाईल, म्हनतात."

मृणाली तिथेच ओट्यावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. डबा, बटण, लाल ठिपके, टाळ्या. काही राखून ठेवलं नाही. मामा ऐकत राहिले.

"मंग कुकरचा टायम बरोबर होता?"

"बरोबर होता, मामा."

"पंधरा मिनटा?"

"पंधरा."

"मना त्या दिवसाचा काहीच आठवत न्हवता," मामा म्हणाले. "रोज बसून आठवायचो. शेवटी वाटला, आठवत न्हाय म्हंजे चुकलोच असंन."

"मामा, माफ करा."

"वडे मीबी खाल्ले," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाईंना म्हाईत हाय?"

मृणालीनं नकारार्थी मान हलवली. स्पर्धा जाणार, कदाचित प्रकल्पही, हे तिला दिसत होतं. तिनं फोन काढला आणि मामांच्या देखत नंबर लावला.

"मॅडम, उष्णतेचं मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी सांगणं जास्त जड गेलं. बोलता बोलता तिनं पाहिलं, तर शेजारी मामांची जागा रिकामी होती.

सगळं ऐकून मॅडमनी विचारलं, "तू आत्ता कुठे आहेस?"

"मामांच्या घरी."

आतून मामांचा आवाज येत होता. पाण्याला उकळी फुटली की तिथून पंधरा मिनटा धरायची, आधीपासून न्हाय, असं ते सुनेला समजावत होते.