नऊ नंबरच्या पार्किंगमधली बाग

सोसायटीच्या मागची बाग काढून तिथे पार्किंग करायचं ठरलं, तेव्हा सभेत विरोधात एकच हात वर गेला. तो सुहासिनीबाईंचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि खरं सांगायचं तर ठरावाच्या बाजूने वर गेलेल्या हातांत माझाही होता. आमच्याकडे दोन गाड्या आहेत.

बाग काही मोठी नव्हती. भिंतीलगत जास्वंदी, तगर, मोगरा, गोकर्णाचा वेल, अबोलीचा एक वाफा आणि कोपऱ्यात पांढरा चाफा. पण कर्वेनगरात ही इमारत उभी राहिली तेव्हापासून त्यातलं जवळजवळ प्रत्येक झाड बाईंनी लावलेलं. सेक्रेटरी श्रीधर केतकर म्हणाले की सोमवारी जेसीबी येईल, आणि गेटपाशी शोभेच्या चार कुंड्या ठेवू. बाई घरी गेल्या आणि कात्री घेऊन खाली उतरल्या.

शनिवार-रविवार त्या दोन दिवसांत त्यांच्याबरोबर कौशल्या होती, आमच्या वॉचमनची, उत्तरेश्वरची बायको. लातूरकडची. लग्नाआधी ती माहेरी रोपवाटिकेत कामाला जायची, त्यामुळे या कामातली खरी जाणकार तीच. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निवडायच्या, डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या पेराच्या, खाली तिरका काप घ्यायचा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची. चाफ्याच्या फांद्या तिने लगेच लावू दिल्या नाहीत. चीक वाळेपर्यंत सावलीत आडव्या ठेवायला लावल्या. अबोलीचं आणि गोकर्णाचं बी कागदाच्या पुड्यांत गोळा झालं. दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडून त्यांत वाळू-माती भरली. ऐंशी पिशव्या झाल्या. सोमवारी जेसीबी आला आणि अकरापर्यंत मागे नुसती लाल माती उरली. बाई ते बघायला खाली आल्या नाहीत.

गच्चीवर पिशव्या ठेवायला केतकरांनी मनाई केली. गळती होते म्हणे. बाईंच्या बाल्कनीत ऊन येत नाही. मग त्यांनी त्या स्वतःच्या पार्किंगमध्ये मांडल्या, नऊ नंबरच्या. त्यांनी आयुष्यात कधी गाडी घेतली नाही, त्यामुळे ती जागा रिकामीच असायची. तिसऱ्या दिवशी नोटीस आली: पार्किंगमध्ये वाहनाव्यतिरिक्त कोणतीही वस्तू ठेवता येणार नाही, सात दिवसांत जागा मोकळी करावी.

बाईंनी नोटीस दोनदा वाचली. जन्मभर सरकारी कागद वाचलेल्या बाई त्या. चौथ्या दिवशी एका ओळखीच्या भाजीवाल्याकडून त्यांनी जुनी हातगाडी आणली, चार चाकांची. सगळ्या पिशव्या तिच्यावर चढवल्या आणि कमिटीला उत्तर दिलं: "नऊ क्रमांकाच्या जागेत आता वाहन उभे आहे. त्यावरील माल कोणता असावा, याबाबत नियमात उल्लेख आढळला नाही."

सोसायटीत हसू पसरलं, आणि केतकरांना ते लागलं. आपल्याला कुणी हसतंय हे त्यांना कधीच सोसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उत्तरेश्वरला बोलावून गाडी रस्त्यावर ढकलून द्यायला सांगितलं. तो बिचारा दांड्याला हात घालणार, तेवढ्यात कौशल्या आडवी आली. मी ऑफिसला निघाले होते, तिथेच थबकले.

"साहेब, गाडीला हात लागणार न्हाई," ती म्हणाली. "ह्या काड्या म्या लावल्यात. आत्ता हलवल्या तर मुळं सुटायची न्हाईत. ह्यास्नी कामावरून काढायचं तर काढा. पर का काढलं ते कागदावर लिहून द्या."

तिचा आवाज चढलेला नव्हता. नवऱ्याच्या नोकरीबरोबर राहायची खोलीही सोसायटीचीच होती तिची. उत्तरेश्वरने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दांडा सोडला. केतकर तसेच वर निघून गेले.

पंधरा दिवसांनी खास सभा झाली. विषय एकच: नियमात 'वाहन' शब्दाऐवजी 'मोटार वाहन' घालावे. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी फक्त इतकंच विचारलं, की मग पार्किंगमधल्या मुलांच्या सव्वीस सायकली कुठे जाणार? केतकर म्हणाले की सायकलींचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, हे एका बापाने विचारलं, मग दुसऱ्याने. मतदान झालं तेव्हा ठराव पडला. या वेळी माझा हात विरोधात होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण मान डोलावली नाही. बरोबरच होतं त्यांचं.

सगळं काही जगलं नाही. जुलैमध्ये पानं फुटली तेव्हा मी आनंदाने सांगायला गेले, तर कौशल्या म्हणाली, पानांवर जाऊ नका, ती काडीतल्या रसावर फुटतात. तिचंच खरं निघालं. मोगऱ्याच्या अर्ध्याअधिक काड्या काळ्या पडल्या, चाफ्याच्या दोन कुजल्या. पिशवी उकरून बघायचा मोह बाईंना दिवसातून दहादा व्हायचा, आणि दहाही वेळा कौशल्या त्यांना दटावायची. मुळं धरली तशी रोज सकाळी दोघी गाडी हळूहळू ढकलत कोवळ्या उन्हात गेटबाहेर न्यायच्या, ऊन चढलं की आत आणायच्या. ऑगस्टअखेर चोपन्न रोपं तगली.

बाईंनी ती वाटून टाकली. रोप बाल्कनीतच ठेवायचं, मेलं तर मेलं म्हणून सांगायला यायचं, एवढीच अट. मला जास्वंद मिळाली. कौशल्याने अबोली आपल्या खोलीच्या दारापाशी लावली, परवानगी न विचारता, आणि तिला अजून कुणी काही बोललेलं नाही.

गाडी रिकामी झाल्यावर केतकर खाली आले. आता तरी ही हलवणार का, असं त्यांनी सरळच विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "थंडीतल्या फुलांचं बी टाकायचंय. तुम्हाला झिनिया हवा असेल तर आत्ताच सांगा, मागाहून उरत नाही."

केतकर लिफ्टकडे वळले. तोवर कौशल्याने चाळणी घेऊन माती चाळायला सुरुवातही केली होती.