तव्याची जागा हुकलेला पत्रा

मी पत्रा बोलतोय. तवा नव्हे, पत्रा. तवा व्हायची माझी फार इच्छा होती आणि एका शनिवारी दुपारी अर्धा तास मी तवा झालोही होतो. पुढे जे घडलं ते सांगायची मला लाज वाटते. पण ती काळी प्लेट हल्ली ज्या तोऱ्यात वावरते, ते बघून गप्पही बसवत नाही.

आधी माझं कूळ सांगतो. मी साधासुधा लोखंडी पत्रा नाही, माझ्यावर जस्ताचा मुलामा आहे. उन्हात धरून बघा, अंगभर फुलं उमटलेली दिसतील. नगरच्या एमआयडीसीजवळ रंभाजींचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं. गेट, ग्रील, खिडक्या, कूलरच्या बॉड्या अशी कामं ते करत. त्यातल्याच एका कूलरच्या कामात मी उरलो. रंभाजींनी मला फेकलं नाही. कुणाचा हात कापू नये म्हणून माझ्या कडा आत दुमडल्या, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कामाला यील."

ती थाप मी अजून विसरलेलो नाही.

पुढे रंभाजींच्या छातीनं दगा दिला. तीस वर्षं वेल्डिंगचा धूर नाकातोंडात गेलेला. डॉक्टरांनी दुकान बंद करायला लावलं आणि उरलंसुरलं सामान घरामागच्या मोकळ्या जागेत येऊन पडलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्याशेजारी पाण्याचा ड्रम आणि ड्रमाच्या झाकणावर, वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून ठेवलेली ती. काळ्या लोखंडाची जाडजूड प्लेट. कुठल्याशा गेटच्या खांबाखाली बसवायची राहिलेली. ना रूप, ना रंग, कडेला तांबूस गंज. मला तिची कीव यायची.

कीव यायची असं म्हणतो खरं, पण तेव्हापासूनच माझा जीव जळत होता. रोज सकाळी रंभाजी ड्रमातून पाणी घ्यायला येत आणि प्लेट उचलून बाजूला ठेवत. म्हणजे रोज त्यांचा हात तिला लागायचा. मला सहा वर्षांत एकदाही लागला नाही.

यंदा उन्हाळ्यात घरात भंडारदऱ्याचा विषय निघाला. रंभाजी तरुणपणी एका ठेकेदाराकडे होते, तेव्हा तिकडे रेलिंगच्या कामाला गेले होते. तिथले काजवे त्यांनी पाहिले होते आणि एकदा बायकोला, बनाबाईंना, ते दाखवायचे असं चाळीस वर्षं घोकत होते. आता लेक यशोधरा कमावती झाली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं तंबू ठरवला, गाडी ठरवली. अडचण एकच होती. तिथलं जेवण चुलीवरचं, आणि चुलीचा धूर रंभाजींना अजिबात चालत नाही. भाकरीशिवाय त्यांचं जेवण होत नाही, तेही वेगळं. म्हणून यशोधरानं छोटी गॅसची शेगडी आणली. पण घरचा खोलगट तवा त्या शेगडीच्या तीन पायांवर बसेना, नुसता डुलायचा.

"आई, सपाट तवा आपणच घरी बनवू," यशोधरा म्हणाली. "मागं एवढं सामान पडलंय. पण आबांना सांगायचं नाही हं. सरप्राइज."

सगळी चूक इथेच झाली बघा. ज्या घरात लोखंडाची जात नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस बसलाय, त्या घरात लोखंड निवडताना त्यालाच विचारायचं नाही असं ठरलं. प्रेमापोटी ठरलं, म्हणून कुणाला बोलताही येत नाही.

शनिवारी रंभाजी बुद्धविहारात गेले आणि मायलेकी मागच्या अंगणात आल्या. यशोधराच्या एका हातात मोबाईल, त्यावर कुणीतरी तवा बनवून दाखवत होता. दुसऱ्या हातात फ्रीजवर लावायचं लोहचुंबक. आम्ही सगळे उमेदवार रांगेत होतो. पहिला ॲल्युमिनियमचा तुकडा, खिडकीच्या कामातला. तो हलका, पण आच लागताच मधोमध फुगला. मी मनात हसलो. मग स्टीलचं जुनं ताट. ते मध्ये तापलं, कडेला गारच राहिलं, आणि पिठाचा गोळा त्याला असा चिकटला की उलथन्यानं खरवडावा लागला. मी आणखी हसलो.

मग यशोधरानं चुंबक माझ्याजवळ आणलं. टच्चकन चिकटलं!

"आई, हे लोखंडच आहे. आणि बघ, एवढी वर्षं उघड्यावर पडून गंजाचा ठिपका नाही."

"व्हय गं, देखणा बी हाय," बनाबाई म्हणाल्या.

देखणा! सहा वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं होतं. मी ड्रमाकडे बघितलं. ती आपली झाकणावर पडून होती. तिला तर चुंबकही लावलं नव्हतं. तिच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही, रोजच्या वापरातली वस्तू कुणाला दिसते?

मला राखेनं घासलं, धुतलं, पुसलं आणि शेगडीवर चढवलं. मोबाईलवाल्यानं सांगितलं होतं की नवा तवा आधी मोठ्या आचेवर रिकामा तापवायचा. यशोधरानं गॅस पूर्ण सोडला. सुखानं मला काही सुधरेना. आता रंभाजी येतील, मला बघतील, पुन्हा पाठीवर थाप मारतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अंगावरची फुलं पिवळी पडू लागली, मग पांढरी. भुरभुर धूर निघायला लागला. मला वाटलं, तवा होताना असंच होत असेल.

फाटक वाजलं. रंभाजी जरा लवकरच आले होते. वासानंच ते मागच्या दारात थबकले.

"बंद कर! आदी गॅस बंद कर!"

आणि त्यांना खोकला सुटला. साधा खोकला नव्हता तो. दाराची चौकट धरून ते खाली बसले, डोळ्यांतून पाणी, छातीतून शिट्टी. बनाबाई दम्याचा पंप आणायला धावल्या. यशोधरा पांढरीफटक पडली. माझ्यातून अजून धूर निघतच होता आणि मला तो थांबवता येत नव्हता.

पंप घेतल्यावर पाचदहा मिनिटांनी त्यांना नीट बोलता आलं.

"जस्त हाय ते, पोरी. जाळावर धरलं की धूर सोडतं. आमी असल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की सांजच्याला हुडहुडी भरायची, ताप यायचा. गूळ खायचो नि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझी छाती काय एका दिवसात गेली व्हय? मला इचारायचं तरी."

"तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं, आबा," यशोधरा म्हणाली आणि रडायला लागली.

ज्या माणसाचा हात पाठीवर पडावा म्हणून मी सहा वर्षं झुरलो, त्याची छाती माझ्यासारख्यांनीच जाळली होती. हे मला ठाऊक नव्हतं, खरंच नव्हतं. कुणीतरी चिमट्यानं मला उचलून भिंतीकडे टाकलं. डागाळलेला, पांढऱ्या भुकटीनं माखलेला.

आणि मग रंभाजींनी ड्रमाकडे बोट दाखवलं.

"ती घे. काळं लोखंड हाय, वर कसला मुलामा न्हाई. जाड हाय, म्हंजी सगळीकडं सारखी तापंल."

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रंभाजी लांब, धूळ-धूर येणार नाही अशा बाजूला खुर्ची टाकून बसले आणि यशोधराच्या हातात ग्राइंडर दिला. ज्या बापानं लेकीला कधी दुकानाची पायरी चढू दिली नव्हती, तो तिला आपला कामाचा चष्मा घालायला देऊन म्हणत होता, "दाबू नगस. नुसता टेकव." लेकीनं प्लेटचे कोपरे गोल केले. गंज काढला. चिंचेच्या कोळानं दोनदा घासली. तेल लावून तापवली, अर्धा कांदा फिरवला, पुन्हा तेल, पुन्हा आच. एवढं कोडकौतुक तर लग्नातल्या नवरीचं होत नाही! तिसऱ्या दिवशी बनाबाईंनी तिच्यावर भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली. भाकरी टम्म फुगली. रंभाजींनी हातात घेऊन बघितली आणि नुसतं "व्वा" म्हणाले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

पुढच्या रविवारी बन्सी भंगारवाला आला. फुगलेलं ॲल्युमिनियम, ते ताट आणि मी, तिघंही त्याच्या हातगाडीवर पडलो. फाटकातून गाडी बाहेर निघणार एवढ्यात रंभाजी म्हणाले, "थांब रं बन्सी. त्यो पत्रा ठेव."

"काय करता बाबा, जळका हाय त्यो."

"पत्रा चांगला हाय. आमीच त्याला नको तिथं बसवला."

त्यांनी माझी भुकटी फडक्यानं पुसायला लावली, मग मला गुडघ्यावर घेतलं आणि दोन ठिकाणी वाकवलं. तीन बाजूंचा आडोसा झाला. म्हणाले, "धरणाच्या कडंला वारं लई असतं. शेगडीपासनं हातभर लांब उभा करायचा. ह्याला आच लागली न्हाई पायजे." आणि शेवटी पाठीवर थाप मारली. मारली, मी मोजली. एकच होती.

भंडारदऱ्याला आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलत होता. पाण्यावरून असा वारा सुटला होता की शेगडी पेटता पेटेना. मला उभं केलं, पायाशी दोन दगड लावले, आणि ज्योत सरळ झाली. मग ती काळी महाराणी शेगडीवर चढली. भाकऱ्या फुगू लागल्या. शेजारच्या तंबूतली माणसं येऊन विचारू लागली, "तवा कुठून घेतला हो?" यशोधरा अभिमानानं सांगत होती, "आबांनी शिकवला, मी केला." माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही. आडोशाबद्दल कोण विचारतं?

तेव्हा मनात पाप आलं. वाऱ्याचा एक मोठा झोत आला, पायाचा एक दगड सरकला. वाटलं, पडावं आडवं. ज्योत विझेल, भाकरी कच्ची राहील, मग कळेल तिला माझी किंमत. मी कललोसुद्धा. तेवढ्यात रंभाजी दिसले. मांडीवर ताटली घेऊन बसलेले, शेजारी बनाबाई. धूर नाही, खोकला नाही. छाती संथ वरखाली होत होती. मी कोपरा मातीत रुतवला आणि तसाच उभा राहिलो. जेवण झालं, अंधार पडला, समोरच्या झाडावर काजवे लुकलुकू लागले. बनाबाई एवढंच म्हणाल्या, "अवो, तुमी खरं सांगत हुता की."

आता मी पुन्हा ड्रमाशेजारी असतो. ती माझ्याच घडीत ठेवलेली असते, तेल लावून, जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून. मला कुणी तेल लावत नाही, मी गंजत नाही म्हणून. जळतो मी अजूनही, खोटं कशाला बोलू? तुम्हाला मात्र हात जोडून एक सांगणं आहे. माझ्यासारखा चकचकीत पत्रा दिसला तर चुंबक चिकटलं म्हणून त्याला आचेवर चढवू नका. घरात जाणतं माणूस असेल तर त्याला आधी विचारा, सरप्राइज राहू दे बाजूला.

आणि आणखी एक. काल पुन्हा सामान भरत होते, यंदा पावसाआधी दुसरी खेप. शेगडी गेली, पीठ गेलं, मीठ गेलं. रंभाजी गाडीत बसता बसता थांबले आणि त्यांनी विचारलं, "पत्रा घेतला का?"

तव्याचं त्यांनी नंतर विचारलं. बऱ्याच नंतर. ती फडक्यात होती, तिला ऐकू आलं नसेल, म्हणून मीच तिला सांगितलं. दोनदा.