कुनमिंग की पातूर

त्या हिवाळ्यात गीतांजली एका गावात सलग आठवडाभर राहिली, असं झालंच नाही. व्हिएतनामच्या डोंगरातलं दा लात हे तिच्या नोकरीचं गाव. तिथल्या फुलं निर्यात करणाऱ्या कंपनीत तोडलेली फुलं प्रवासात ताजी ठेवणं हे तिचं काम. दिवाळी चीनमधल्या कुनमिंगच्या फुलबाजारात गेली, डिसेंबर बँकॉक आणि ओसाकाच्या शीतगृहांत. तिकडच्या नव्या वर्षाची गर्दी तोंडावर आली असताना कंपनीने कळवलं, की दा लातचं ऑफिस मार्चमध्ये बंद होतंय. कुनमिंगला यायचं असेल तर जागा आहे.

तिने विचार करायला मुदत मागून घेतली. पण मनात ठरलेलं होतं, पातूरला परत जायचं. वडील गेल्यापासून आई, पार्बताबाई, घर आणि शेवंतीचा मळा एकटी ओढत होती. एकुलत्या एक मुलीने किती वर्षं बाहेर राहायचं? हे तिला कुणी विचारलं नव्हतं. विमानतळांवर बसल्या बसल्या तीच स्वतःला विचारत असे.

जानेवारीत अकोल्याच्या एका फूलशेती शिबिरात बोलायला बोलावणं आलं. आईला अचानक गाठावं म्हणून तिने घरी काही कळवलं नाही. अकोल्याला उतरून तिने पातूरची एसटी धरली. घरापाशी पोचली तर दाराला कुलूप.

शेजारच्या माणिकबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. गीतांजलीला बघून त्यांचे हात थांबले.

"तुले माईत नाही काय वं? पार्बता तं अमरावतीले राहाले गेली, दसऱ्यानंतर. मळा आता कुंदन पाहून राहिला."

कुंदन म्हणजे चुलतभाऊ. गीतांजलीने तिथेच पायरीवर बसून आईला फोन लावला.

"आई, कुठं आहेस?"

"घरीच हाय ना."

"कोणत्या घरी?"

 आई म्हणाली, "तू पातूरले आली काय?"

आईने पत्ता सांगितला आणि संध्याकाळी ती अमरावतीला वच्छलामावशीकडे पोचली. मावशी ही आईची लहानपणची मैत्रीण, निवृत्त नर्स, एकटीच राहणारी. पडून तिचं मांडीचं हाड मोडलं म्हणून आई मदतीला गेली होती. मावशी आता काठी घेऊन चालत होती. आई मात्र तिथेच राहिली होती. खोलीत शिलाई मशीन होतं आणि आईच्या अंगात तिने स्वतः शिवलेलं ब्लाऊज, एक बाही जरा वर चढलेली. आई शिवणाच्या क्लासला जात होती. चेहरा भरला होता. गीतांजलीला ते बघून बरं वाटलं आणि रागही आला.

"मले सांगितलं कावून नाही?" बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडी घरची बोली आली.

"तू कधी कुठं असतं, मले तरी कुठं समजते?" आई ताटं मांडत म्हणाली. "एक डाव चीन, एक डाव जपान. फोनवर घाईत असतं. म्हटलं, आली का सांगू."

"मी नोकरी सोडून येणार होती. तुझ्यासाठी."

आईने भाकर तिच्या ताटात वाढली आणि समोर बसली. "माझ्यासाठी येत असशील तं नको येऊ. तुले याचं असन तं ये. उद्या जमलं नाही, तं माह्या नावानं खापर फोडशील."

"पार्बते, पोरीले जेवू तं दे," वच्छलामावशी म्हणाली.

गीतांजली जेवली.  इतकी वर्षं परतायचं कारण तिच्याजवळ तयार होतं. ते आईने सहज काढून घेतलं होतं. मग तिला स्वतःला काय हवं होतं? कुनमिंगचा तो बाजार आठवला, फुलांच्या लिलावात उभं राहताना वाटणारी हुशारी आठवली. ते तिला आवडत होतं. हे मान्य करायला तिला लाज का वाटावी?

शिबिर आटोपल्यावर मायलेकी पातूरला गेल्या. कुंदनने शेवंती काढून झेंडू लावला होता. गीतांजलीच्या ओठांवर काही आलं होतं, पण तिने एवढंच विचारलं, "माल कुठं जातो?"

"अकोल्याले. थोडा बाळापूरले," कुंदन म्हणाला. "माही आई विचारत होती, तुमच्या घरात कोणी राहाले येते काय म्हणून. आमी येऊ?"

तिने आईकडे पाहिलं. आई बांधावरची फुलं बघत होती. हे उत्तर तिने मुलीवर सोडलं होतं.

"या," गीतांजली म्हणाली. "बंद घर बरं नाही दिसत."

परतीच्या एसटीत तिने कंपनीला होकार कळवला. शेजारी आईला झोप लागली होती, तिचं डोकं हळूहळू गीतांजलीच्या खांद्यावर आलं.

मार्चमध्ये ती कुनमिंगला राहायला गेली. निर्णय बरोबर होता की नाही, हे तिला अजून सांगता येत नाही. दा लातच्या खोलीत तिने सगळी वर्षं एक पातेलं आणि दोन ताटल्यांवर काढली होती. सामान वाढवलं तर निघताना जड जाईल, असं वाटायचं. कुनमिंगला पहिल्याच रविवारी ती बाजारात गेली आणि जाड लोखंडी तवा, मोठं कपाट आणि खिडक्यांना पडदे घेऊन आली.