बाबल्याची आई

“आये, थांब, ती काय म्हणते सांगतो. ती म्हणते, जा बाबल्या, पण पोटभर खाऊन जा.”

ऋत्विकचा तो आवाज चिमाच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. दाभोळच्या घरी पडवीत चिमा कोलंबी सोलायला बसे. शेजारी धाकटी सानवी, समोर तांब्याला टेकवलेला मोबाइल, आणि त्यात ढगांवरून गलबतं हाकणारी जपानी चित्रांतली पोरं. बोली जपानी, खालची अक्षरं इंग्रजी. चिमाला दोन्ही सारखीच. मग ऋत्विक एकेक ओळ वाचून घरच्या भाषेत सांगे. नावं आईच्या जिभेवर बसेनात म्हणून त्यानं नायकाचा बाबल्या केला, त्याच्या आईची तुळसा. जात्यातून पीठ पडावं तशी गोष्ट रोज सांजेला पडत राही. हात सोलत, कान ऐकत. त्याच वर्षी चिमाचा धनी तापानं गेला होता, आणि त्या घरात संध्याकाळी बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुढं होडीवरून मायलेकांचं फाटलं. “बापाची होडी नाय हाकायची, तर या उंबऱ्यात तुझं काम काय?” असं ती बोलून गेली. पोरगा मुंबईला निघून गेला, नालासोपाऱ्यात एका गोदामात लागला. फोन करी तो सानवीला. गेल्या गणपतीला चाकरमान्यांनी गाव फुलून गेला, हा आला नाही. शिमगा सरल्यावर चिमानं होडी चुलतदीर महिपतला देऊन टाकली.

“दादाला सांगू?” सानवीनं विचारलं.

“माझ्या गळ्याची आण हाय. होडी टळली म्हणून आला, तर तो माझ्यासाठी आला असं कसं म्हणू? आपणहून येऊ दे.”

आता गणपती पुन्हा तोंडावर आलेले. रत्नागिरीत शिकणाऱ्या सानवीला भेटायला चिमा फेरीबोटीनं खाडी ओलांडून, पुढं एस्टीनं आली, तर लेक म्हणाली, “आये, बाबल्याचा सिनेमा लागलाय.”

“नवीन?”

“नवीन नाय गो. अख्खी मालिका दोन तासांत बसवलीय.”

“म्हणजे सुकवून आणलीय म्हण की. चल, चव बघू.”

थेटरात सगळी कॉलेजची पोरं. सानवीच्या वर्गातला केतन तर बाबल्यासारखं दिसायला खिडकीच्या पडद्याचा झगा घालून आलेला. सिनेमा हिंदीत केलेला होता, त्यामुळे चिमाला सगळं कळत होतं. पण पोरांची कुरकुर चालूच.

“अरे, बंदरातली लढाई कुठाय?”

“मांजराचा भागच उडवला राव यांनी!”

“तिकिटाचे पैसे परत द्या!”

चिमाला मात्र जुना शेजार भेटल्यासारखं झालं होतं. “काय उंच झाला गो बाबल्या! इकडं एवढासा दिसायचा,” ती तळहात मोबाइलएवढा करून म्हणाली.

मग बाबल्याचं गलबत परत आलं. चिमा पुढं सरकून बसली. हा भाग तिला तोंडपाठ होता. आता तुळसा रागानं तोंड फिरवणार आणि तरी त्याला भात वाढणार.

पडद्यावर दार उघडलं. घरात कुणी नव्हतं. शेजारीण बाबल्याला म्हणाली, तुझी आई गेल्या थंडीतच गेली रे, शेवटपर्यंत धक्क्यावर येऊन बसायची.

चिमा ताडकन उभी राहिली. “खोटं हाय! ती जिती हाय! तिनं त्याला भात वाढला!”

थेटर हसलं. “मावशी, बसा हो!” “मावशींनी वेगळीच मालिका बघितलीय!”

सानवीनं तिचा पदर ओढला. लेक पडद्याकडे बघत नव्हती.

“तुला ठावं होतं?” चिमानं विचारलं.

“मला तेवढं इंग्रजी येत होतं,” सानवी हळूच म्हणाली. “दादानं डोळे वटारले. मग मी गप्प बसले.”

बाहेर पायऱ्यांवर पोरांचा कल्ला. नुसतं वरवर दाखवलंय, गाभाच काढलाय. केतन झगा सावरत चिमापाशी आला. तोच सगळ्यात मोठ्यानं हसला होता.

“काकी, रागावलात? तुमच्या गोष्टीत काय झालं होतं?”

ऋत्विकच्या त्या गोष्टीवर तिनं तेव्हाच, सोलता सोलता, ओवी जुळवली होती. तीच आता तिनं म्हटली:

“गलबत लागलं धक्क्याला, सांगावा नाही घराला,
तुळसा रागानं बोलेना, आधण ठेवलं भाताला.”

कल्ला निवळला. निळे केस लावलेल्या एका मुलीनं नाक पुसलं. केतन म्हणाला, “पण काकी, ती मेली नाही तर पुढं काहीच घडत नाही. सगळी गोष्ट तिच्या मरणावर उभी आहे.”

“मग बसू दे की गोष्ट खाली. तिला कशाला मारायची?”

पोरं हसली, पण या वेळी तिच्या बाजूनं.

चिमा बाजूला जाऊन कठड्याला टेकली. तुळसाचा हा भाग सांगताना ऋत्विक मधेच पाणी प्यायला उठला होता, ते तिला आठवलं. घरातून एक मरण नुकतं गेलं होतं. दुसरं आत येत होतं, ते पोरानं दारातच अडवलं. ती ओळ त्यानं मनात वाचली, एकट्यानं गिळली, आणि आईला भात वाढलेला ऐकवला. आवाज जरासुद्धा कापू दिला नाही.

“लाव त्याला फोन,” ती म्हणाली.

“काय गो सानू, कसा होता सिनेमा? लोकं लय शिव्या देतायत म्हणे,” पलीकडून ऋत्विक.

“मी हाय.”

गोदामात कुठंतरी टेम्पो मागं येत असल्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

“आये?”

“तुळसा मेली रे.”

“तेव्हा बाबा नुकतेच... मला ती ओळ वाचून दाखववेना गो.”

“ऐक. होडी मी महिपतभावजींना दिली. शिमग्यानंतरच. सानूला मीच बोलू दिलं नाय.”

“दिली? मग तू तेव्हा एवढी का...”

“दर्याची मलाच भीती वाटायची. पण होडी असली तर तू गाव सोडणार नाय, असं वाटलं.” तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. “मला होडी कधीच नको होती रे. तू हवा होतास. एवढं बोलता आलं नाय मला.”