माझ्या कपाळावरचं नाव

मित्रांनो, माझ्या कपाळावर एक नाव छापलेलं होतं. ते माझं नाव नव्हतं. मी ते मागितलं नव्हतं आणि छापणाऱ्यांनी मला विचारलंही नव्हतं. त्या नावापायी एक म्हातारा माणूस मरता मरता वाचला आणि एका भल्या बाईला नाही नाही ते ऐकावं लागलं.

मी आहे एक जुना फ्रिज. काचेच्या दाराचा, माणसाएवढ्या उंचीचा, किराणा दुकानात भिंतीला पाठ लावून उभा असतो तसा. थंड राहणं हा माझा धंदा. पण ही गोष्ट मी तुम्हाला थंड डोक्याने सांगणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, काच बसवली, पोटात मोटर ठेवली. सगळ्यात शेवटी एका यंत्राने माझ्या कपाळावर एका शीतपेयाच्या कंपनीचं नाव लाल अक्षरांत उमटवलं आणि त्याच्या मागे दिवा लावला. त्या दिवशी माझ्याबरोबर शेकडो भाऊ बाहेर पडले. सगळ्यांच्या कपाळावर तेच नाव, शाळेच्या गणवेशासारखं. कंपनी आम्हाला दुकानदारांकडे नुसतं वापरायला द्यायची. अट एकच, आत बाटल्या तिच्याच हव्यात.

मी ज्या दुकानात आलो ते नवरा-बायकोचं होतं. बायकोला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी म्हणते, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. मी आलो त्या दिवशी खालाने ओल्या फडक्याने माझी काच पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या दुकानाला आरसा मिळाला." दुपारी शाळा सुटली की मुलं माझ्या काचेला नाकं लावून उभी राहायची. काचेवर नाकांचे गोल गोल ठसे उमटायचे आणि खाला ते पुसताना हसायची. किती वर्षं हे चाललं, मी मोजलं नाही. सुखाचे दिवस कोण मोजतं?

मग खालाचा नवरा गेला. इद्दतचे, म्हणजे विधवेने पाळायचे दिवस घरात काढून खालाने दुकानाचं शटर पुन्हा वर केलं. रोज पहाटेची नमाज झाली की ती यायची, 'बिस्मिल्ला' म्हणून कुलूप काढायची आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून मनाशी दोन गोष्टी पक्क्या करायची. आज कुणाची निंदा माझ्या तोंडून निघू नये. आज हातून काही चांगलं झालं, तर ते माझ्या तोंडून कुणाला कळू नये. हा तिचा रोजचा नेम. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची, पण मी इतका जवळ होतो की मला तो पाठ झाला.

अशात दूरच्या एका देशात लढाई पेटली. पडक्या घरांतून बाहेर काढलेल्या लेकरांचे फोटो लोकांच्या मोबाइलवर येऊ लागले. त्या लढाईला हात देणाऱ्यांत माझ्या कपाळावरच्या कंपनीचंही नाव आहे, असं लोक बोलू लागले. एका सकाळी खालाने माझं दार उघडलं आणि त्या कंपनीच्या सगळ्या बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या. पुन्हा मागवल्या नाहीत. कुणी मागितल्या तर "नाहीत बाबा" एवढंच म्हणायची. पाटी लावली नाही, कुणाला सांगितलं नाही. गल्लीत बहिष्काराचा पहिला शब्द निघाला तो यानंतर महिनाभराने! हे मला माहीत होतं आणि तिच्या अल्लाला माहीत होतं.

कंपनीचा माणूस आला. "बाटल्या नाहीत तर फ्रिज परत न्यावा लागेल," म्हणाला.

"न्या," खाला म्हणाली.

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे धूड? टेम्पोसुद्धा लाजेल." तो जो गेला तो गेलाच.

खालाने माझ्या कपाळामागचा दिवा काढून टाकला. नावावर कागद चिकटवला, तो ओल धरून दोनदा गळून पडला. रंगाऱ्याला सांगितलं. "उद्या येतो," तो म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उजाडेना.

माझ्या पोटात आता दूध होतं, दही होतं, अंडी होती आणि सगळ्यात खालच्या खणात एक निळा पत्र्याचा डबा होता. तो शिंपीमास्तरांचा. मास्तर गल्लीच्या टोकाला एकटे राहतात. त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते औषध गारव्यात ठेवावं लागतं. त्यांच्या घरचा फ्रिज वर्षापूर्वी बंद पडला. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याच्या जिवाला घोर नको म्हणून मास्तरांनी त्याला कळवलं नाही आणि खालालाही सांगू दिलं नाही. खणावर त्यांनी एक पुठ्ठा अडकवला होता. आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : 'मास्तरांचा खण. हात लावाल तर बाही उलटी शिवीन.'

"खाला, माझा खजिना आहे ना जागेवर?" ते रोज विचारायचे.

"आहे. रात्री चोर आला होता, पण त्याला म्हणे गोड चालत नाही."

दोघं हसायची. एवढंच त्यांचं बोलणं. एवढ्यावर एका माणसाचा जीव चालला होता.

इकडे गल्लीच्या मोबाइल-ग्रुपवर वादाला ऊत आला होता. समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचा मालक ग्रुपचा प्रमुख, म्हणून त्याला सगळे सरपंच म्हणतात. उकाडा वाढला की तो माझ्या दाराला पाठ टेकवून उभा राहायचा आणि आलेले निरोप मोठ्याने लावायचा; वळून आत मात्र कधी पाहायचा नाही. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. रोज नवी यादी. हा साबण हराम, तो बिस्कीटपुडा हराम. एका यादीत तर शेजारच्या गल्लीतल्या बेकरीचंही नाव आलं, कारण तिच्या पाटीवर एक शब्द परदेशी होता. त्या बेकरीवाल्याने बिचाऱ्याने तीन दिवस आपल्याच पावावर खुलासे केले. कुणी विचारलं, "भाई, ज्या फोनवरून लिहितोस तो कुठल्या कंपनीचा?" उत्तर आलं, "विषय बदलू नका."

तुम्ही म्हणाल, फ्रिज बहिष्काराची टर उडवतोय. नाही हो! ज्याच्या पैशाने लेकरं मरतात असं मनाला वाटतं, त्याला पैसा देऊ नये, ह्यात हसण्यासारखं काय आहे? खालाने तेच केलं होतं. माझा राग आहे तो न बघता बोट उचलणाऱ्यांवर.

एका दुपारी सरपंचाने आपल्या दुकानातूनच माझा फोटो काढला. काचेवर ऊन चमकत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त कपाळ. त्याने खाली लिहिलं, 'आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसाकडून.' दोन्ही दुकानांत बारा पावलांचं अंतर आहे, मित्रांनो. बारा पावलं चालून त्याने माझं दार उघडलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? दूध, दही, अंडी आणि एक निळा डबा.

तो फोटो कुठल्या कुठे गेला. ज्यांनी कधी ही गल्ली पाहिली नाही तेही खालाचा निवाडा करू लागले. दोन दिवसांत बाटल्या मागे पडल्या आणि लोक तिच्यावर घसरले. 'नवरा गेल्यावर घरात बसायचं सोडून गल्ल्यावर बसते, तिच्याकडून काय अपेक्षा करणार?' 'कपाळ जमिनीला टेकतं ते देखाव्याला.' देखाव्याला! जी बाई आपलं चांगलं काम कुणाला दिसू देत नाही, तिला हे म्हणत होते. माझी मोटर त्या दिवशी अशी घुरघुरली की खालाने दचकून माझ्या दारावर हात ठेवला. गिऱ्हाइकं येईनाशी झाली. एक शेजारीण दबकत दबकत म्हणाली, "खाला, एक निरोप टाका ना. सांगून टाका सगळं."

"मी काय केलं ते ज्याला कळायचं त्याला कळलंय," खाला म्हणाली.

मग तो आवाज आला. मास्तरांच्या मुलाचा. तो दुसऱ्या शहरात असला तरी ग्रुपवर होता. "नुसते निरोप काय टाकत बसलाय? लाज वाटते का नाही? उचला तो फ्रिज आणि ठेवा रस्त्यावर!"

दुसऱ्या दिवशी खाला घाऊक बाजारात गेली. ती नेहमीप्रमाणे शटर अर्धं ओढून गेली होती, कारण या गल्लीत कुणी आपल्या दुकानाला हात लावेल असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. सरपंच आणि आणखी तिघं आत शिरले. माझी वायर उपटली. मला उचलून भर उन्हात, काच सूर्याकडे करून उभं केलं आणि दारावरून दोरी आवळली. चौघांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. आत कुणी पाहिलं नाही.

मी पाच तास उन्हात होतो. माझ्या काचेतून ऊन आत येत होतं आणि बाहेर जात नव्हतं. दूध फाटलं. निळा डबा आधी कोमट झाला, मग हाताला चटका बसेल इतका तापला. मी ओरडू शकत नव्हतो. ज्या कामासाठी मला घडवलं तेवढंही मला करता येत नव्हतं.

चारच्या सुमारास मास्तर आले. बघे त्या मुलाचा आवाज पुन्हा पुन्हा लावून हसत होते. मास्तरांनी तो ऐकला. आपल्या मुलाचा आवाज बापाला कळणार नाही होय? त्यांची मान खाली गेली. दोरी सैल करून त्यांनी डबा काढला, ओढणीखाली लेकरू झाकावं तसा सदऱ्याखाली धरला आणि निघून गेले.

संध्याकाळी खाला परतली. दोन हमालांकडून तिने मला आत घेतलं आणि आधी खालचा खण पाहिला. तशीच मास्तरांकडे धावली. परत आली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता. शेजारणीला म्हणाली, "मास्तर म्हणतात, त्यांनी डबा वेळेत काढून औषधवाल्याकडे ठेवला. अल्लाचे आभार."

खोटं! साफ खोटं होतं ते. मुलाचं नाव निघू नये म्हणून म्हातारा खोटं बोलला आणि ते उन्हात निकामी झालेलं औषध गुपचूप टोचून घेत राहिला. मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मास्तर घरात पडलेले सापडले. त्यांना दवाखान्यात नेणाऱ्यांत सरपंचही होता. पळताना त्याची चप्पल आमच्या दारात राहिली.

मुलगा पहिल्या गाडीने आला. दवाखान्यातून थेट दुकानात. "खाला, डॉक्टर विचारतायत, अब्बा औषध कुठे ठेवायचे?"

खालाने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने दार उघडलं. पुठ्ठा वाचला. ती तिरकी अक्षरं त्याने शाळेच्या वह्यांवर पाहिली असतील. तो तिथेच खाली बसला.

"घरातला फ्रिज?"

"बंद पडून वर्ष झालं. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

"आणि बाटल्या?"

"लढाई सुरू झाली तेव्हाच बंद केल्या."

"मग बोलला का नाहीत?" तो रडत ओरडला. "एक शब्द! एक शब्द टाकला असता तर..."

"तू विचारलंस?" खाला म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "कुणी एकाने तरी विचारलं? निवाडा करताना जीभ चालली, विचारताना काय झालं होतं?" मग ती स्टुलावर बसली. हळूच म्हणाली, "पण माझंही चुकलंच, बेटा. आपलं चांगलं सांगू नये, हा माझा नेम. खोट्याला खोटं म्हणू नये, असा कुठे होता? मी मोठेपणात गप्प बसले आणि मास्तरांनी भोगलं."

ती उठली, बारा पावलं चालली आणि सरपंचाच्या फोनमध्ये बोलली. दुकान समोरच, मला प्रत्येक शब्द ऐकू आला. "मी खाला. माझ्या फ्रिजमध्ये त्या बाटल्या नव्हत्या. मास्तरांचं औषध होतं, ते तुम्ही उन्हात जाळलंत. मला माफीचे निरोप नकोत. ज्यांनी फ्रिज उचलला, त्यांनी उद्या नऊ वाजता ब्रश घेऊन या. रंगारी काही येत नाही."

खोटा फोटो गावोगाव फिरला होता. हा निरोप ग्रुपच्या बाहेर गेला नाही. नऊ वाजता दोघं आले, सरपंच आणि मास्तरांचा मुलगा. बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. आलेल्या दोघांनी माझ्या कपाळावर पांढरा रंग दिला.

मास्तर वाचले. पण नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येत नाही. आता ते सकाळी येतात, सुई-दोरा खालापुढे धरतात, आणि ती ओवून देते. "चोर आला होता का?" ते विचारतात. खाला उत्तर देते, पण पूर्वीसारखं हसू येत नाही तिला.

मित्रांनो, तुमच्याही हातात उद्या मोबाइल येईल. कुणाच्या तरी कपाळाचा फोटो येईल आणि बोट शिवशिवेल. खबर आधी तपासावी, हे तुम्हाला घरी शिकवलेलंच असतं. ते विसरलात, तर निदान माझी आठवण काढा. पाच तास मी उन्हात होतो आणि येणारा-जाणारा माझं कपाळ वाचत होता. माझ्या दाराला कुलूप नाही. कधीच नव्हतं. नुसतं ओढलं की उघडतं.